ओतले नाही

आण्णांच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कधी वाया गेल्या नाहीत. लाकडाचे ढलपे घरच्या बंबात जायचे आणि भुसा पोत्यात भरून ठेवला जायचा. दर दोन-चार दिवसांनी बर्फाच्या कारखान्यातला माणूस सायकलवरून यायचा आणि ती पोती घेऊन जायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, 1970च्या आसपासची ही गोष्ट. घरात काही कार्य निघालं की बर्फ आणायला मला पाठवत. कारखान्याच्या अंधाऱ्या खोलीत भुशाचा ढीग असायचा. तो माणूस कोपरापर्यंत हात घालून चाचपायचा आणि आतून लादी ओढून काढायचा. टोच्यानं तुकडा पाडून, गोणपाटात गुंडाळून, माझ्या कॅरिअरला बांधून द्यायचा. घरी येईपर्यंत रस्त्यावर थेंबांची रेघ पडलेली असायची. गोणपाट उलगडलं की बर्फाला चिकटलेला भुसा आई धुऊन काढायची. सागवानाचा असला तर मला वासावरून कळायचं की हा आमचाच.

भुसा घालून बर्फ टिकतो, एवढं मला तेव्हापासून माहीत होतं. याच दोन वस्तूंचं जहाज बांधायला एक देश युद्धाच्या ऐन मध्यात निघाला होता, हे कळायला वयाची साठी जवळ यावी लागली.

आण्णा पॅटर्नमेकर होते. फाउंड्री न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. पंपाची बॉडी असो की इंजिनाचं फ्लायव्हील, बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात, मग नमुना काढून घेऊन त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. नमुना हुबेहूब असला तरी मापानं तेवढाच नसतो. बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच तेवढी वाढवून आखलेली असते. आण्णांची ती पट्टी आम्हा मुलांनी शाळेत न्यायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्यांची एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती. तारीख, गिऱ्हाईक, जॉब, लाकूड, लागलेले दिवस आणि शेवटी शेरा. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी ‘ओतले’ आणि पुढे नगांचा आकडा. पण मधूनमधून, त्याच वळणदार अक्षरात, दोन शब्द येतात: ‘ओतले नाही’. आण्णा गेल्यावर मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तसे 17 शेरे निघाले. त्यातला एक जॉब मला आठवतो. गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी पंपाची बॉडी होती, सोबत आतल्या पोकळीचे वाळूचे गाभे घडवायचे दोन साचे, म्हणजे कोअर बॉक्स. 19 दिवस लागले होते. गिऱ्हाईक आलं, पैसे चुकते करून गेलं, पॅटर्न मात्र नेला नाही. आण्णांनी त्याला पत्र्याचा बिल्ला ठोकला आणि पोटमाळ्यावर ठेवून दिला. पुढे कितीतरी वर्षं तो विषय निघाला की ते एकच म्हणायचे, “पैसे दिले त्यांनी. कारण नाही दिलं.”

मी स्वतः पुढे पुण्याकडे आलो आणि एका वाहन कारखान्याच्या नमुना विभागात 31 वर्षं काढली. बाजारात येणाऱ्या गाडीच्या आधी जी गाडी असते, ती आम्ही हातानं बांधायचो. एक छोटं मालवाहू वाहन आम्ही 26 महिने खपून उभं केलं होतं, तीन नग. घाटात चढवलं, दगडी रस्त्यावर आपटलं, पावसाळ्यात उघड्यावर ठेवलं. एका गुरुवारी सकाळी हुकूम आला की संध्याकाळपर्यंत तिन्ही कापून टाका. गॅस कटर आमच्याच हातात दिला. माझ्या हाताखालच्या दोन पोरांनी विचारलं, “साहेब, का?” मी म्हणालो, विचारून सांगतो. वर विचारलं. तिथून वर विचारलं गेलं. ते ‘का’ परत खाली आलंच नाही. त्या पोरांना मी आजही उत्तर देणं लागतो.

म्हणून युद्धकाळातल्या, कधीच मोठ्या संख्येनं न बनलेल्या यंत्रांबद्दल जिथे जे मिळेल ते मी वाचत आलो. त्यांच्याविषयी लिखाण उदंड आहे, पण बरंचसं आकारानं दिपून गेलेलं असतं. जर्मनीच्या ‘माउस’ रणगाड्याचं 188 टन वजन सगळे सांगतात. पोर्शे यांच्या आराखड्यावरून त्याचे दोनच नमुने झाले. बहुतेक पुलांना त्याचं वजन पेलणार नव्हतं, म्हणून नदी तळातून ओलांडायची आणि काठावरच्या दुसऱ्या रणगाड्यानं त्याला केबलनं वीज पुरवायची, अशी योजना होती. दोन्ही नमुन्यांचे भाग जोडून केलेला एक माउस आज मॉस्कोजवळच्या कुबिंका इथल्या संग्रहालयात उभा आहे. तो पुढे बनला नाही याची मला तिळमात्र हळहळ नाही. तो ज्या राजवटीसाठी बनत होता तिच्या हाती जे जे पोचलं नाही, ते बरंच झालं.

रशियाचा ‘झार टँक’ मात्र मला वेगळ्या कारणानं जवळचा वाटतो. निकोलाय लेबेदेन्को यांची ती कल्पना, पहिल्या महायुद्धातली. तोफगाडीसारखा आकार, पुढे 9 मीटर व्यासाची आऱ्यांची दोन अवाढव्य चाकं, मागे एक छोटा रूळ, म्हणजे रोलरसारखं चाक. झारला म्हणे त्याचं चावीवर चालणारं खेळणं दाखवलं होतं आणि ते जमिनीवर मांडलेल्या जाडजूड ग्रंथांवरून सहज चढून गेलं. पैसे मंजूर झाले. ऑगस्ट 1915मध्ये मॉस्कोच्या उत्तरेला दिमित्रोवजवळ खरं यंत्र चालवून पाहिलं, तर मागचा रूळ भुसभुशीत जमिनीत रुतला आणि ते धूड हललं नाही. पुढची आठ वर्षं ते तिथेच, झाडीत उभं होतं. 1923मध्ये मोडीत काढलं.

यात नमुना करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पाचवीला पुजलेली अडचण आहे. वस्तू दुप्पट मोठी केली की वजन आठपट होतं, पण जमिनीला टेकणारं क्षेत्र फक्त चौपट वाढतं. खेळणं पुस्तकांवरून चढतं ते खोटं नसतंच. तो खेळण्यापुरता खरा पुरावा असतो. झार टँकवर काम केलेले दोन तरुण, मिकुलिन आणि स्तेच्किन, पुढे सोव्हिएत विमान-इंजिनांचे मोठे अभियंते झाले. त्या रुतलेल्या रुळापाशी उभं राहून त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आता जहाजाकडे येतो.

1942 साल. अमेरिका आणि कॅनडातून ब्रिटनकडे निघालेली मालवाहू जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. दोन्ही किनाऱ्यांवरून विमानं जिथवर पोचत तिथवर थोडं संरक्षण होतं. अटलांटिकच्या मधोमध मात्र एक पट्टा असा होता की कुठल्याच किनाऱ्यावरचं विमान तिथे पोचत नसे. बोटी तिथे सर्रास बुडत. विमानवाहू जहाजं हवी होती, पण पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींचा तुटवडा. त्या वेळी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली ब्रिटनचं ‘कंबाइन्ड ऑपरेशन्स’ हे खातं होतं. हे तेच माउंटबॅटन, पाच वर्षांनी दिल्लीत शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आलेले. त्यांच्या खात्यात जेफ्री पाइक नावाचा एक माणूस होता. सैनिक नव्हता आणि इंजिनिअरही नव्हता. पहिल्या महायुद्धात बातमीदार म्हणून जर्मनीत शिरला, पकडला गेला आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीतून 1915मध्ये निसटून आला. नंतर केंब्रिजमध्ये लहान मुलांसाठी एक प्रयोगशील शाळा काढली. अशा माणसाला युद्धखात्यात जागा देणं हे माउंटबॅटन यांचं मोठेपण, असं मी मानतो.

पाइकनं अमेरिकेतून 232 पानांचं टिपण पाठवलं. म्हणणं थोडक्यात असं: समुद्राच्या मध्यावर धावपट्टी हवी आहे आणि पोलाद नाही, तर ती बर्फाची करा. पोलाद तयार करायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे एक टक्क्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ बनतो. बर्फ बुडत नाही. टॉर्पेडोनं भोक पाडलं तर पाणी भरून गोठवून घ्या. बायबलमध्ये हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात असं वचन आहे की तुमच्या दिवसांत असं काम होईल, जे सांगूनही तुम्हाला खरं वाटणार नाही. त्यावरून या योजनेला ‘हबक्कूक’ नाव मिळालं. चर्चिलनीही ती उचलून धरली.

आराखड्यातलं जहाज 2,000 फूट लांब होतं, म्हणजे जवळपास 610 मीटर. वजन 22 लाख टन. भिंती 40 फूट जाड, विजेच्या 26 मोटारी, वर दीडशे दोन-इंजिनी बाँबफेकी विमानांची सोय. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कारण बर्फ म्हटलं की मला लादी दिसते, आणि लादी टोच्याच्या एका फटक्यात दुभंगते.

तीच अडचण तिकडेही आली. साधा बर्फ ठिसूळ, आणि कुठे कधी तडकेल त्याचा भरवसा नाही. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या पॉलिटेक्निकमध्ये हर्मन मार्क आणि त्यांचे सहकारी वॉल्टर होहेनस्टाइन यांनी पाण्यात लाकडाचा लगदा मिसळून ते गोठवलं. 86 भाग पाणी, 14 भाग लगदा किंवा भुसा. हा बर्फ तडकेना. पाइकच्या नावावरून त्याला ‘पाइक्रीट’ म्हणू लागले. पुढची तपासणी लंडनमध्ये मॅक्स पेरुट्झ यांच्याकडे आली. स्मिथफील्ड या मटणबाजाराच्या खाली, जमिनीत पाच मजले खोल, एका शीतगृहात हे काम चाले. पुढे टांगलेल्या मांसाच्या धडांचा आडोसा आणि त्यामागे विजेनं गरम होणारे कपडे घालून बर्फ फोडणारी माणसं.

पेरुट्झ हे मूळचे व्हिएन्नाचे. युद्धाआधी ते आल्प्समध्ये हिमनद्या कशा सरकतात याचा अभ्यास करत. 1940मध्ये ब्रिटननं त्यांना ‘शत्रुदेशाचा माणूस’ म्हणून धरलं, कॅनडातल्या छावणीत पाठवलं, मग सोडलं. आणि त्याच सरकारनं आता त्यांना सांगितलं की बर्फ लवकर गोठवायचा आणि मजबूत करायचा उपाय शोधा, कशासाठी ते विचारू नका. त्यांनी शोधला. बंदुकीची गोळी साध्या बर्फात 36 सेंटिमीटर शिरायची, पाइक्रीटमध्ये 16. पण हिमनद्या पाहिलेल्या माणसाला एक भीती आधीपासून असणार, आणि ती खरी ठरली. बर्फ दगडासारखा दिसला तरी तो वाहतो. स्वतःच्या वजनाखाली, हळूहळू, मधासारखा खाली बसत जातो. पाइक्रीटही बसत होतं. ते थोपवायचं तर सगळं जहाज कायम उणे 15-16 अंशांवर ठेवायला हवं. म्हणजे आत शीतयंत्रं, हवा फिरवणारे नळ, बाहेरून उष्णतारोधक आवरण. आणि हे सगळं कशाचं? पोलादाचं. ज्याच्या टंचाईपायी बर्फाकडे वळले, तेच पोलाद मागच्या दारानं आत येत होतं.

हे वाचून झाल्यावर मला राहवेना. 2021चा एप्रिल होता, बाहेर जाणं बंद. पोटमाळ्यावरून आणलेल्या सागवानाच्या एका फळकुटाला करवत लावून 140 ग्रॅम भुसा काढला आणि 860 ग्रॅम पाण्यात कालवला. भुसा वर तरंगत राहतो. रात्रभर भिजत घालून, पिळून, परत कालवला तेव्हा भिजवलेल्या रव्यासारखा झाला. केकच्या एका डब्यात तो आणि दुसऱ्यात साधं पाणी, दोन्ही फ्रीजरमध्ये. दोन दिवसांनी बाहेर काढून ओट्यावर पोतं घातलं आणि हातोडी घेतली. साध्या बर्फाचे एका घावात सात-आठ तुकडे झाले. भुशाच्या ठोकळ्यावर हातोडी आपटली ती उसळून वर आली. मनगटापर्यंत झिणझिण्या. ठोकळ्यावर बारीकसा खळगा, तडा नाही. चौथ्या घावाला फक्त कोपरा झडला.

बायको शेजारी उभी होती. तिचं बालपण आजऱ्याकडच्या एका खेड्यात, मातीच्या घरात गेलं. ती ठोकळ्यावरून बोट फिरवून म्हणाली, “अहो, भिंतीच्या मातीत काड घालून तुडवतात, तेच की हे.” अगदी तेच. तडा पुढे सरकायला बघतो आणि त्याला वाटेत काडी आडवी येते. तिला एका नजरेत जे दिसलं ते मला नीट शब्दांत सांगायला अर्धं पान लागलं असतं.

मग साध्या बर्फाचा तसाच एक डबा पुन्हा गोठवला आणि दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी परातीत ठेवले. साध्याचं पूर्ण पाणी झालं तेव्हा भुशाचा निम्म्याहून जास्त शिल्लक होता. बाहेरचा थर वितळला की भुसा तसाच अंगावर राहतो, ओल्या घोंगडीसारखा, आणि आतल्याला सांभाळतो. बर्फाच्या कारखान्यात भुसा बाहेरून होता, इथे तो पोटातूनच येत होता. आण्णा असते तर त्यांनी ठोकळा उचलून आधी कडा तपासल्या असत्या आणि विचारलं असतं, फुगला किती? कारण बीड थंड होताना आकसतं आणि पाणी गोठताना फुगतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. डब्याच्या वर आलेली कड मी मोजून ठेवली होती.

ऑगस्ट 1943मध्ये कॅनडातल्या क्वेबेकला चर्चिल आणि रूझवेल्ट यांची बैठक भरली. तिथे माउंटबॅटन यांनी सेनानींसमोर दोन ठोकळे ठेवले, एक साध्या बर्फाचा आणि एक पाइक्रीटचा, आणि पिस्तूल काढलं. पहिल्याचा चुरा झाला. दुसऱ्यावरून गोळी उसळली आणि अमेरिकेचे नौदलप्रमुख ॲडमिरल किंग यांच्या पायाजवळून गेली. ही हकिकत सांगताना लोक सहसा हसतात. मला त्या बंद दालनात बसलेल्यांची काळजी वाटते, आणि त्याहून जास्त खुपतं ते हे की पाइक त्या खोलीत नव्हता. त्याच्या स्वभावानं अमेरिकन अधिकारी बिथरत होते. त्यांचं सहकार्य हवं होतं, म्हणून त्याला त्याच्याच योजनेतून बाहेर ठेवलं गेलं.

योजना 1943च्या डिसेंबरपर्यंत गुंडाळली गेली. खर्च आधी 7 लाख पौंड सांगितला होता, तो 25 लाखांवर गेला. 22 लाख टनांचं ते जहाज वळवायचं कसं, सुकाणू कसं बसवायचं, हे सुटत नव्हतं. पण ती थांबली ती केवळ त्या कारणांनी नव्हे. दूर पल्ल्याची लिबरेटर विमानं आली आणि अटलांटिकचा उघडा पट्टा झाकला गेला. पोर्तुगालनं अझोर्स बेटांवरची धावपट्टी वापरू दिली. छोटी विमानवाहू जहाजं भराभर तयार होऊ लागली. जी धावपट्टी समुद्रात हवी होती, तिची गरज उरली नाही. गरज सरो वैद्य मरो, असं आपण म्हणतो. इथे वैद्य खरंच गेला. फेब्रुवारी 1948मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या भाड्याच्या खोलीत पाइकनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय 54. पेरुट्झ मात्र त्यांच्या हिमोग्लोबिनच्या कामाकडे परत गेले आणि 1962मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

जहाजाचा एक नमुना मात्र बांधला गेला होता. आणि माझं मन या सगळ्यात सर्वांत जास्त तिथे अडकतं.

1943च्या हिवाळ्यात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतात, जॅस्पर गावाजवळच्या पॅट्रिशिया तळ्यावर तो बांधला. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचं काम, प्रमुख सी. जे. मॅकेन्झी. 60 फूट लांब, 30 फूट रुंद, वजन 1,000 टन. पाइक्रीट तोवर हाताशी नव्हतं, म्हणून साध्याच बर्फाच्या लाद्या, लाकडी चौकट, आतून थंड हवेचे नळ, आणि वरून छप्पर, म्हणजे लांबून कुणाला बोटघर वाटावं. तो गोठलेला ठेवायला एक हॉर्सपॉवरची मोटर पुरली.

आणि बांधणारे कोण? हातात शस्त्र धरणार नाही, असं धर्मश्रद्धेनं ठरवलेली माणसं. युद्धात जायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून सैन्याऐवजी दुसरी सेवा त्यांच्या वाट्याला आली. ती करायला या तळ्यावर आणलं. लाद्या उचला, रचा, नळ जोडा. हे कशासाठी, ते त्यांना सांगितलं नाही. युद्धाला नाही म्हणणाऱ्यांच्या हातून युद्धाचं जहाज बांधून घेतलं. गुप्ततेची गरज मला कळते. पेरुट्झनाही सुरुवातीला सांगितलं नव्हतंच. पण पेरुट्झनी होकार देऊन काम घेतलं होतं. या माणसांनी ज्या एका गोष्टीला जाहीर नकार दिला, नेमकी तीच त्यांच्या हातांनी करवली गेली, तेही त्यांच्या नकळत. 80 वर्षं झाली म्हणून तो अन्याय लहान होत नाही. जहाज बनलं नाही म्हणूनही होत नाही.

मोटर बंद केल्यावर तो नमुना पूर्ण वितळायला तीन उन्हाळे लागले.

मुलगी कॅलगरीला असते. 2022च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मला एक तळं बघायचं आहे. कॅलगरीहून जॅस्परचा रस्ता डोंगरांमधून जातो. वाटेत अथाबास्का हिमनदी लागते. पायवाटेच्या कडेला सालांच्या पाट्या आहेत, कुठल्या साली बर्फ कुठवर होता ते सांगणाऱ्या. आपण चालत राहतो, साल पुढे सरकत राहतं आणि बर्फ काही येत नाही. मी 1942ची पाटी शोधली. मुलीनं विचारलं, “बाबा, तेवढंच साल का?” तेव्हा तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाइक, माउंटबॅटन, स्मिथफील्ड. सांगता सांगता त्या गुरुवारचंही सांगितलं. ते मी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं.

पॅट्रिशिया तळं लहान आहे. समोर पिरॅमिड डोंगर, पाणी निळं-हिरवं, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पण खाली आहे. डायव्हर्सना तळाशी त्या नमुन्याच्या लाकडी भिंती आणि शीतनळ सापडले, आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाण्याखालीच तिथे एक पाटी बसवली. काय होतं, कुणी बांधलं, का थांबलं. आण्णांच्या पत्र्याच्या बिल्ल्याची मला फार आठवण झाली. कुणीतरी श्वास रोखणाऱ्या त्या थंड पाण्यात उतरलं, फक्त शेऱ्याचा रकाना भरायला.

नातू सहा वर्षांचा. त्याला जहाज बघायचं होतं आणि समोर नुसतं पाणी. मग मी काठावरच्या सपाट जागेत एक दगड ठेवला आणि पावलं मोजली. माझं पाऊल अडीच फुटांचं, 31 वर्षं शॉपफ्लोअर मोजून पक्कं झालेलं. 24 पावलं सरळ, दगड. काटकोनात 12, दगड. परत 24. चौथा दगड त्यानं स्वतः आणला, दोन्ही हातांत धरून.

तो आत जाऊन उभा राहिला आणि मोडक्या मराठीत विचारलं, “आजोबा, कॅप्टन कुठे बसतो?”

“कॅप्टन नव्हता रे यात. एक मोटर होती. एक हॉर्सपॉवरची.”

“कुठे?”

मी जरा विचार केला. नळांचा फेरा सगळीकडे सारखा पोचायचा तर मधेच हवी. त्याला मधोमध नेलं. त्यानं खिशातला, हिमनदीपाशी उचललेला करडा खडा काढला, आणि मी बोट दाखवलं तिथे ठेवला.